खाली उतरणाऱ्या भूपट्टांचा वेध भूकंपलहरींनी कसा घेतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्रतळाचा भूपट्ट शेजारच्या भूपट्टाखाली शिरतो आणि पृथ्वीच्या पोटात उतरत जातो, एवढं शालेय पुस्तकातही असतं. त्यापुढे त्याचं काय होतं, तो वाकतो की तुटतो, किती खोल जातो, सोबत काय घेऊन जातो, हे मात्र भूकंपाच्या लहरींकडूनच कळतं. त्या लहरी काय सांगतात आणि त्यांच्या सांगण्यावर किती विसंबायचं, याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

लहरींचा द्राविडी प्राणायाम कशाला? खोल खोदून पाहता येत नाही का?

नाही. माणसाने खोदलेलं सर्वांत खोल विवर रशियातल्या कोला द्वीपकल्पावर आहे. त्याची खोली 12,262 मीटर, म्हणजे सव्वाबारा किलोमीटर. आपल्याला ज्या भूपट्टांबद्दल बोलायचं आहे ते 100 ते 700 किलोमीटर आणि त्याहूनही खोल आहेत. काही ठिकाणी एकेकाळी खोल गेलेले खडक पर्वतनिर्मितीत पुन्हा वर आले आहेत आणि त्यांच्यातली खनिजं मोलाची माहिती देतात. पण ते सुटे तुकडे आहेत. आज, या क्षणी, खाली जागेवर असलेल्या भूपट्टातून आरपार जाऊन येतात त्या फक्त लहरी.

आजूबाजूलाही खडक आणि भूपट्टही खडकच. मग लहरींना फरक कसा कळतो?

फरक तापमानाचा आहे. जपानच्या पूर्वेला खाली शिरणारा पॅसिफिक भूपट्ट सुमारे 13 कोटी वर्षं वयाचा आहे. इतका काळ समुद्राखाली राहून तो थंड आणि सुमारे 100 किलोमीटर जाड झालेला असतो. वर्षाला 8 ते 9 सेंटीमीटर या गतीने तो खाली सरकतो, म्हणजे दहा लाख वर्षांत साधारण 85 किलोमीटर. उलट खडकातून उष्णता फार सावकाश पसरते. एक कोटी वर्षांत ती जेमतेम वीसेक किलोमीटर आत पोहोचते. तेवढ्या वेळात भूपट्ट साडेआठशे किलोमीटरचा पल्ला गाठून बसलेला असतो. त्यामुळे भोवतालचं प्रावरण, म्हणजे कवचाखालचा खडकाचा जाड थर, तापलेलं असलं तरी भूपट्टाचा आतला भाग कितीतरी थंड राहतो.

थंड खडक जास्त ताठ असतो आणि ताठ खडकातून लहरी वेगाने जातात. हा वेग भोवतालापेक्षा साधारण दोन ते सहा टक्क्यांनी जास्त भरतो. आकडा किरकोळ वाटेल, म्हणून हिशोब करून पाहू. पी लहर, म्हणजे खडकाला पुढे-मागे दाबत जाणारी आणि सर्वांत आधी पोहोचणारी लहर, त्या खोलीत सरासरी सेकंदाला 9 किलोमीटर जाते असं धरू. 600 किलोमीटरला तिला जवळपास 67 सेकंद लागतील. तीच लहर चार टक्के वेगवान भूपट्टातून आली तर 64 सेकंदांत पोहोचेल. अडीच सेकंदांचा हा फरक भूकंपमापकाच्या नोंदीवर स्पष्ट दिसतो. या क्षेत्रातलं जवळजवळ सगळं ज्ञान अशा काही सेकंदांच्या, कधी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या फरकांवर उभं आहे. मला या शास्त्रातली ही गोष्ट सर्वांत थक्क करणारी वाटते.

दुसरी खूण विरण्याची. उष्ण खडकात लहरींची ऊर्जा शोषली जाते आणि त्यातही बारीक, जलद कंपनं आधी मरतात. थंड भूपट्टातून ती शाबूत बाहेर येतात.

हे आधी कोणाच्या लक्षात आलं?

सुरुवात जपानमध्ये झाली. कियू वादाती यांनी 1928 मध्ये दाखवून दिलं की काही भूकंप शेकडो किलोमीटर खोल होतात. त्या काळी अनेकांना हे पटत नव्हतं, कारण एवढ्या खोलीवरचा तापलेला खडक तडकण्याऐवजी मऊपणे वाहायला हवा. वादातींची युक्ती साधी होती. पी लहर आणि तिच्यामागून येणारी, खडकाला आडवी हलवणारी एस लहर यांच्यातलं वेळेचं अंतर त्यांनी वेगवेगळ्या नोंदणी केंद्रांवर मोजलं. उथळ भूकंपाच्या अगदी वर असलेल्या केंद्रावर हे अंतर जवळजवळ शून्य यायला हवं. काही भूकंपांत ते कुठेच लहान होत नव्हतं, म्हणजे भूकंपनाभी, भूकंप जिथे सुरू होतो ती जागा, खूप खाली होती. पुढे 1935 मध्ये त्यांनी दाखवलं की या नाभींची खोली समुद्राकडून खंडाकडे वाढत जाते. अमेरिकेत ह्यूगो बेनिऑफ यांनी 1940 आणि 1950च्या दशकांत पॅसिफिकच्या कडेने हीच तिरपी रचना पुन्हा पुन्हा दाखवली. आज अशा तिरप्या पट्ट्याला वादाती-बेनिऑफ पट्टा म्हणतात.

पण तिरप्या पातळीवर भूकंप होतात यावरून तिथे एक अख्खा भूपट्ट खाली गेला आहे असं सिद्ध होत नाही. ती नुसती मोठी भेगही असू शकली असती. हा पेच जॅक ऑलिव्हर आणि ब्रायन आयझॅक्स यांनी 1967 मध्ये दक्षिण पॅसिफिकमधल्या टोंगा-फिजी भागात सोडवला. त्यांनी एकाच खोल भूकंपाच्या नोंदी दोन बाजूंना तपासल्या. टोंगाकडे वर येणाऱ्या लहरींत जलद कंपनं भरपूर होती, फिजीकडे जाणाऱ्या लहरींत ती विरून गेली होती. म्हणजे टोंगाकडची वाट सुमारे 100 किलोमीटर जाड, थंड आणि ताठ अशा खडकातून जात होती. समुद्रतळाचा पट्ट खाली जातो याचा तो थेट पुरावा ठरला. भूपट्टांचा सिद्धांत तेव्हा आकार घेत होता. त्याच्या बाजूने दिलेल्या पुराव्यांत मला हा सर्वांत देखणा वाटतो, कारण त्यासाठी दोन ठिकाणच्या नोंदी शेजारी ठेवून पाहणं पुरेसं होतं.

टोमोग्राफी म्हणजे नेमकं काय करतात?

दवाखान्यातल्या सीटी स्कॅनसारखंच. अनेक दिशांनी किरण आरपार पाठवायचे, प्रत्येक किरणाचं काय झालं ते मोजायचं आणि त्या सगळ्यांतून आतलं चित्र गणिताने उभं करायचं. भूकंपलहरींसाठी ही पद्धत 1970च्या दशकात केईती आकी, ॲडम झिवॉन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुजवली.

फरक मात्र मोठे आहेत. दवाखान्यात किरण कुठून निघाला ते माहीत असतं. इथे भूकंपाची जागा आणि वेळ त्याच नोंदींवरून काढावी लागते, आणि ती काढताना वापरलेला लहरींचा वेगच तर आपल्याला शोधायचा असतो. म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र सोडवतात. शिवाय क्ष-किरण सरळ जातो, भूकंपलहर वेग बदलेल तशी वळते. आणि मुख्य अडचण म्हणजे भूकंप कुठे व्हावा हे आपल्या हातात नाही.

कामाची रीत अशी: आधी पृथ्वीचं एक सरासरी प्रतिरूप घ्यायचं, ज्यात वेग फक्त खोलीनुसार बदलतो. त्यानुसार प्रत्येक लहर कधी पोहोचायला हवी ते काढायचं. प्रत्यक्ष वेळ त्याहून लवकर की उशिरा ते पाहायचं. मग पृथ्वीचं अंतरंग लहान लहान ठोकळ्यांत विभागून, कोणत्या ठोकळ्यात वेग किती कमी-जास्त केला तर लाखो नोंदींतले हे फरक एकदम जुळतात, ते शोधायचं. अलीकडे केवळ पोहोचण्याच्या वेळेवर न थांबता लहरींचा अख्खा आकार महासंगणकावर जुळवून पाहतात. त्याला खर्च आणि वेळ फार लागतो, पण बारकावे जास्त हाती येतात.

ती निळी-लाल चित्रं कितपत खरी मानायची?

हा प्रश्न प्रत्येक वाचकाने विचारावा असं मला मनापासून वाटतं. निळा म्हणजे सरासरीपेक्षा वेगवान, लाल म्हणजे मंद. एवढंच ते चित्र सांगतं. 'निळा म्हणजे थंड, थंड म्हणजे भूपट्ट' हा पुढचा अर्थ आपण लावलेला असतो. बहुतेक वेळा तो योग्य असतो, पण वेगावर तापमानाखेरीज खनिजांचा प्रकार, पाणी, वितळलेला अंश आणि स्फटिकांची दिशा यांचाही परिणाम होतो.

दुसरी मर्यादा लहरींच्या वाटांची. मोठे भूकंप काही ठरावीक पट्ट्यांतच होतात आणि केंद्रं मुख्यतः जमिनीवर आहेत. म्हणून काही भागांतून हजारो लहरी गेलेल्या असतात, तर काही भागांतून जवळपास एकही नाही. जिथून सगळ्या लहरी एकाच दिशेने गेल्या, तिथे गोल आकाराची वस्तूही चित्रात त्या दिशेला लांबलेली दिसते. एखादा भूपट्ट चित्रात मध्येच तुटलेला दिसला, तर तो खरंच तुटला आहे की तिथून लहरीच गेल्या नाहीत, हे आधी तपासावं लागतं.

त्यासाठी संशोधक एक चाचणी करतात. संगणकात बुद्धिबळाच्या पटासारखी, आळीपाळीने वेगवान आणि मंद चौकोनांची कृत्रिम पृथ्वी घेतात. खऱ्या भूकंपांपासून खऱ्या केंद्रांपर्यंत लहरी तिच्यातून पाठवतात आणि मिळालेल्या नोंदींवरून पट परत उभा राहतो का ते पाहतात. जिथे चौकोन नीट परत येतात, तिथल्या चित्रावर भरवसा ठेवायचा. जिथे ते धुरकट होतात, तिथल्या खऱ्या चित्रावरही कमी ठेवायचा. शोधनिबंधात ही चाचणी बहुधा मागच्या पानांत असते. रंगीत चित्र पाहण्याआधी ती पाहा.

तिसरी मर्यादा लहरीच्या लांबीची. सेकंदाला एक कंपन असलेल्या पी लहरीची लांबी वरच्या प्रावरणात सुमारे 8 किलोमीटर असते. त्याहून बारीक गोष्टी तिला वेगळ्या दिसत नाहीत, आणि जागतिक चित्रांत तर शेकडो किलोमीटरपेक्षा लहान गोष्टी पुसट होतात. या चित्रांत भूपट्ट फुगीर दिसतात याचं एक कारण हेच आहे.

मग भूपट्टाची नेमकी वरची कड कशी शोधतात?

त्यासाठी लहरीचं रूपांतर कामी येतं. दूरच्या भूकंपाची पी लहर खालून वर येताना जिथे खडक अचानक बदलतो, तिथे तिचा थोडा अंश एस लहर होतो. एस मंद असल्यामुळे ती मूळ पी लहरीच्या मागून पोहोचते, आणि किती मागे राहिली यावरून सीमा किती खोल आहे ते निघतं. प्रावरणातल्या 410 किलोमीटरच्या सीमेवरून आलेली रूपांतरित लहर सुमारे 44 सेकंद मागे असते, वरचं आणि खालचं प्रावरण वेगळं करणाऱ्या 660 किलोमीटरच्या सीमेवरची सुमारे 68 सेकंद. भूपट्टाची वरची कड तिरपी असते, म्हणून एका ओळीत मांडलेल्या केंद्रांवर हा विलंब पायरीपायरीने वाढत जाताना दिसतो.

यातून भूपट्टाच्या माथ्यावरचं, जेमतेम 7 किलोमीटर जाडीचं सागरी कवचही दिसतं. गंमत अशी की थंड भूपट्ट एकंदरीत वेगवान असला तरी त्याच्या माथ्यावरचा हा थर भोवतालापेक्षा मंद असतो. मात्र साधारण 100 किलोमीटरच्या आसपास, भूपट्ट किती थंड आहे त्यानुसार थोडं अलीकडे किंवा पलीकडे, हा मंद थर नोंदीतून नाहीसा होतो. तो तिथे संपत नाही. दाबाखाली त्याचा बेसाल्ट एक्लोगाइट या घन खडकात बदलतो आणि त्याचा वेग भोवतालच्या प्रावरणाइतका होतो. लहरींना दोघांत फरकच उरत नाही.

भूपट्ट पाणी खाली नेतात म्हणतात. लहरींना पाणी दिसतं?

पाणी म्हणून नाही, पाण्याचा परिणाम म्हणून दिसतं. द्रवातून एस लहर जाऊ शकत नाही. म्हणून खडकाच्या छिद्रांत दाबाखालचं पाणी असेल तर एस लहर पी लहरीपेक्षा कितीतरी जास्त मंदावते. दोन्हींच्या वेगांचं गुणोत्तर काढलं की पाण्याची जागा उघड होते. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कॅस्केडिया भागात खाली जाणाऱ्या कवचात हे गुणोत्तर असामान्य मोठं आहे.

याच भागात 2002 मध्ये एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध झाली. एरवी भूकवचातून खाली प्रावरणात जाताना वेग वाढतो. ओरेगॉनमध्ये भूपट्टाच्या वर असलेल्या प्रावरणाच्या पाचरीत तो उलट घटलेला आढळला. भूपट्टातून सुटलेल्या पाण्याने प्रावरणातल्या ऑलिविन या मुख्य खनिजाचं सर्पेंटाइन झालं होतं, आणि सर्पेंटाइन लहरींना मंद करतं.

आणखी खोलवरचा पुरावा भूकंपांच्या मांडणीत आहे. अकिरा हासेगावा आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्ये ईशान्य जपानखाली दाखवलं की भूपट्टात भूकंपांची एक नव्हे, दोन समांतर प्रतलं आहेत, एकमेकींपासून 30 ते 40 किलोमीटरवर. वरचं प्रतल कवचात आणि त्याला लागून, खालचं भूपट्टाच्या प्रावरणात. सर्वांत जास्त मान्य असलेलं स्पष्टीकरण असं की पाणी धरून असलेली खनिजं तापताना ते सोडतात, त्या पाण्याचा दाब खडकाला आतून तोलून धरतो आणि एरवी मिटून राहिलेली भेग सरकते. वरच्या प्रतलासाठी हे सहज पटतं. खालच्या प्रतलापर्यंत, भूपट्टात इतकं आत, पुरेसं पाणी कसं पोहोचतं यावर अजून वाद आहे. गर्तेजवळ, म्हणजे भूपट्ट खाली शिरतो तिथल्या समुद्रातल्या खोल चरीजवळ, वाकताना समुद्रतळाला पडणाऱ्या भेगांतून ते शिरतं, हे त्यावरचं प्रमुख उत्तर आहे.

सुटलेलं पाणी वरच्या तप्त प्रावरणाचा वितळणबिंदू उतरवतं. म्हणूनच ज्वालामुखींच्या रांगा बहुतेक ठिकाणी भूपट्ट सुमारे 100 किलोमीटर खोल असतो त्याच्या वर दिसतात, आणि टोमोग्राफीत त्यांच्याखाली मंद लहरींचा तिरपा पट्टा दिसतो.

600 किलोमीटर खोल भूकंप होतोच कसा?

24 मे 2013 रोजी ओखोत्स्कच्या समुद्राखाली सुमारे 600 किलोमीटरवर 8.3 तीव्रतेचा भूकंप झाला. तो मॉस्कोतही जाणवला. 1994 मध्ये बोलिव्हियाखाली सुमारे 630 किलोमीटरवर 8.2 तीव्रतेचा झाला होता. एवढ्या दाबाखाली दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासून सरकणं साध्या घर्षणाच्या नियमाने शक्य नाही.

एक प्रमुख कल्पना अशी आहे: भोवतालच्या प्रावरणात 410 किलोमीटरच्या आसपास ऑलिविनची रचना बदलून ते जास्त घन होतं. पण भूपट्टाच्या अतिथंड गाभ्यात हा बदल रखडतो. ऑलिविन आपली खोली ओलांडून तसंच खाली जातं आणि मग एखाद्या पातळ पट्टीत ते अचानक बदलतं, त्या पट्टीवर खडक घसरतो. भूकंपांची संख्या 300 किलोमीटरच्या आसपास सर्वांत कमी होऊन 500 ते 600 किलोमीटरवर पुन्हा वाढते आणि 700च्या सुमारास जवळजवळ संपते, याच्याशी ही कल्पना जुळते. काही मोठे खोल भूकंप मात्र अशा ऑलिविनच्या अपेक्षित पट्ट्यापेक्षा रुंद भागात पसरले. त्यामुळे उष्णतेने खडक स्थानिक पातळीवर मऊ होऊन घसरणं हे दुसरं स्पष्टीकरणही तितक्याच गांभीर्याने घेतलं जातं. माझ्या मते दोन्ही घडत असावीत: सुरुवात एकाने, पसरणं दुसऱ्याने.

शेवटी भूपट्ट जातो कुठे?

सगळीकडे सारखं होत नाही. जपानखालून चीनच्या पूर्व भागापर्यंत पॅसिफिक भूपट्ट 660 किलोमीटरच्या सीमेवर आडवा पसरलेला दिसतो. त्याच भूपट्टाचा पश्चिम पॅसिफिकमधल्या मरियाना बेटांखालचा भाग जवळजवळ उभा खाली जाऊन ती सीमा पार करतो. गर्ता किती वेगाने मागे सरकते, भूपट्ट किती थंड आणि जड आहे, खालचं प्रावरण किती घट्ट आहे, अशा गोष्टींवर हे ठरतं.

जुने अवशेषही दिसतात. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेला फॅरलॉन नावाचा विशाल भूपट्ट होता. तो जवळजवळ सगळा खाली गेला. 1990च्या दशकातल्या टोमोग्राफीत तो खंडाच्या पूर्व भागाखाली, खालच्या प्रावरणात खोलवर उतरलेला दिसला. भारताखाली टेथिस महासागराच्या तळाचे अवशेष आढळतात. भारत उत्तरेकडे सरकत गेला आणि ते मागे, खाली राहिले. पृष्ठभागावरून जो महासागर पूर्ण मिटला, त्याचा तळ लहरींनी आजही वाचता येतो, याचं मला दरवेळी नवल वाटतं.

समुद्र नसलेल्या ठिकाणी खोल भूकंप का होतात?

समुद्र पूर्वी होता म्हणून. हिंदुकुशखाली 26 ऑक्टोबर 2015 रोजी 200 किलोमीटरहून खोल 7.5 तीव्रतेचा भूकंप झाला. तिथे खाली लोंबणारा तुकडा ताणला जाऊन तुटण्याच्या बेतात असावा, असं लहरींवरून दिसतं. रोमानियातल्या व्रांचा भागातही असंच चित्र आहे.

जवळच्या ठिकाणी धक्का कमी आणि दूरच्या ठिकाणी जास्त, असं खरंच होतं?

होतं. जपानच्या समुद्राखाली खोल भूकंप झाला तर कधी कधी त्याच्या बरोबर वरच्या पश्चिम किनाऱ्यापेक्षा पूर्वेचा पॅसिफिक किनारा जास्त हलतो. कारण पश्चिमेकडची वाट तप्त प्रावरणातून जाते आणि पूर्वेकडची भूपट्टातून. ऑलिव्हर आणि आयझॅक्स यांनी टोंगात पाहिलं तेच इथे जमिनीवर जाणवतं. भूपट्टाच्या आतल्या थरांत जलद कंपनं विखुरत विखुरत पुढे जातात आणि बाहेर निसटत नाहीत. मे 2015 मध्ये ओगासावारा बेटांजवळ सुमारे 670 किलोमीटर खोल झालेला भूकंप जपानच्या सर्वच्या सर्व 47 प्रांतांत नोंदला गेला.

जास्त केंद्रं बसवून कितीसा फरक पडतो?

खूप. 1995च्या कोबे भूकंपानंतर जपानने सुमारे 800 केंद्रांचं जाळं उभारलं. त्यातली उपकरणं गोंगाट टाळण्यासाठी विवरांत बसवली आहेत. त्याच जाळ्यावर काझुशिगे ओबारा यांना 2002 मध्ये नैऋत्य जपानखाली, भूपट्टाच्या सीमेलगत, तासन्‌तास चालणारी क्षीण थरथर सापडली. विरळ केंद्रांवर ती गोंगाट समजून निसटली असती. अमेरिकेने 2004 पासून सुमारे 400 फिरती केंद्रं 70 किलोमीटरच्या अंतराने मांडत, सरकवत देश ओलांडला आणि पुढे अलास्काही व्यापला. 2011च्या तोहोकू भूकंपानंतर जपानने समुद्रतळावर तारेने जोडलेली 150 केंद्रं बसवली. माझ्या दृष्टीने खरी उणीव समुद्रातच आहे. भूपट्ट जिथून खाली वाकतो ती जागा पाण्याखाली, आणि बहुसंख्य उपकरणं जमिनीवर.

यातून भूकंपाचं भाकीत करता येईल का?

दिवस आणि वेळ सांगता येत नाही, आणि तसा दावा कोणी केला तर त्यावर विश्वास ठेवू नका. पण धोका कुठे आणि किती मोठा, हे ठरवायला भूपट्टाचा आकार लागतोच. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने 2018 मध्ये जगभरातल्या अशा भूपट्टांच्या पृष्ठभागांचं त्रिमित प्रतिरूप प्रसिद्ध केलं. त्सुनामीचं गणित मांडताना आणि मोठ्या भूकंपानंतर सरकण कुठे झाली ते काढताना ते वापरलं जातं. कॅस्केडियात साधारण 14 महिन्यांनी भूपट्टाची सीमा काही आठवडे हळूहळू सरकते आणि सोबत ओबारांना सापडली तशी थरथर होते. तिच्यावरून सीमेचा कोणता भाग सरकतो आणि त्याच्या वर, किनाऱ्याकडे, कोणता अडकून राहिला आहे, याचा अंदाज येतो. तिथला मागचा महाभूकंप 26 जानेवारी 1700 रोजी झाला होता.

या नोंदी सर्वसामान्यांना पाहता येतात का?

येतात, आणि मोफत. अमेरिकेतल्या अर्थस्कोप या संस्थेच्या संग्रहातून जगभरच्या केंद्रांच्या नोंदी उतरवून घेता येतात. ब्रिटनमधलं आंतरराष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र भूकंपांच्या जागा आणि लहरी पोहोचण्याच्या वेळा प्रसिद्ध करतं. थोडं पायथॉन येत असेल तर ऑब्सपाय हे मोफत साधन घ्या आणि टोंगाखालचा एखादा खोल भूकंप निवडा. त्याच्या नोंदी टोंगा आणि फिजी या दोन्ही बाजूंच्या केंद्रांवरून काढून शेजारी ठेवा. एस लहरीतल्या जलद कंपनांकडे पाहा. ती कोणत्या बाजूला टिकली आणि कुठे विरली, हे बऱ्याचदा गाळणी न लावताही डोळ्यांना दिसतं.